वारंगा फाट्यावरची फळी

वारंगा फाट्यावर वैजनाथचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. नांदेडकडून आलात की डाव्या हाताला फायबरच्या कूलरचे सांगाडे एकावर एक रचलेले दिसतात, तेच. उन्हाळ्यात तिथं पाणी प्यायला फुरसत नसते, आणि कूलरचा हंगाम सरला की वैजनाथ आणि त्याचा बाप अमृतराव रस्त्याकडं तोंड करून माशा मारत बसतात. दुकानाच्या मागं दोन खोल्या. तिथं वैजनाथची बायको प्रियदर्शनी आणि त्यांची नऊ महिन्यांची बारकी. सासू लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं घरात बाईमाणूस एकटी तीच. दुकान आणि घर यांच्या मधल्या दारात ती उभी राहिली की दोन्हीकडचं तिला दिसायचं. चुलीवरचं दूधही आणि गिऱ्हाइकाचं तोंडही.

प्रज्ञेशला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दारातून. हिंगोलीचा पोरगा, पण गेली सहा वर्षं मद्रासच्या खालच्या किनाऱ्यावर होता. तिथं तो लोकांना समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायला शिकवायचा. चुलत बहिणीच्या लग्नाला आलेला, फाट्यावर चहाला थांबला, आणि वैजनाथ एका कूलरच्या पाठीवर पॉलिशपेपर मारत होता ते बघत राहिला.

"भाऊ, हात लई साफ आहे तुमचा," तो म्हणाला. "लाटेची फळी करता का?"

"कशाची?"

त्यानं मोबाईलमध्ये दाखवलं. अमृतरावांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर इस्त्रीच्या टेबलावर माणूस उभा राहिला दिसते."

प्रज्ञेश हसला आणि फरशीवर खडूनं काढून समजावू लागला. आत थर्माकोल, वरून फायबर. फळी रुंद आणि जाड केली की जास्त तरंगते, शिकाऊ माणसाला सांभाळून घेते. निमुळती आणि पातळ केली की झर्रकन वळते, पण नवख्याला पाडते. नाक थोडं वर पाहिजे, नाहीतर उतरताना लाटेच्या पोटात घुसते. पुढच्या कडा गोल, मागच्या जरा धारेच्या, म्हणजे पाणी चिकटून न राहता सुटतं. खालून शेपटाजवळ तीन पंख, नाहीतर आडवी घसरते. आणि मधून लाकडाची एक पट्टी, पाठीच्या कण्यासारखी.

"अन् वजन?" वैजनाथनं विचारलं.

"कमीत कमी. पण मोडली न्हाई पाहिजे."

"म्हणजे सून पाहतो तसंच झालं," अमृतराव म्हणाले. "खायला कमी, कामाला दणकट."

दारातल्या सुनेनं पदर तोंडाला लावला. बारकी तिच्या कडेवर होती; ती आजोबांचा आवाज ऐकला की उगाच हसायची, तशी हसली.

ठरलं असं की वैजनाथनं एक नमुना करायचा, प्रज्ञेश तो लाटेवर उतरवून बघणार, आणि जमला तर त्याच्या शाळेला लागणाऱ्या सगळ्या फळ्या इथूनच जाणार. कूलर नसतानाच्या रिकाम्या महिन्यांना हातात काम. वैजनाथ त्या दिवशी जेवतानाही हवेत बोटानं फळीचं नाक काढत होता. आतला थर्माकोल कुठला, वरून फायबर बसवायचं रेझिन कुठलं, हे मात्र ना प्रज्ञेशनं सांगितलं, ना वैजनाथनं विचारलं. प्रज्ञेश फळीवर उभा राहणारा, करणारा नव्हे. आणि वैजनाथ पंधरा वर्षं रेझिनमध्ये हात घालणारा. रेझिनबद्दल दुसऱ्याला काय विचारायचं?

प्रियदर्शनी मात्र त्या पोराचं बोलणं दारातून कान देऊन ऐकत होती. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिला नव्या नव्हत्या.

तिचं माहेर इसापूर धरणाच्या फुगवट्याला लागून. बाप सोनाजी मासे धरायचा, अजूनही धरतो, आणि धरतो तो थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून. माणसाएवढा लांब, दीड हात रुंद ठोकळा, वर पोतं, दोन्ही हातांत चपलेएवढी लाकडाची फळकुटं, त्यांनीच पाणी मागं ओढायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस पाण्यावरच मांडी घालून बसलाय. त्या ठोकळ्याचं नाक सोनाजीनं विळ्यानं तासून वर उचललं होतं. मधून बांबूची कामटी खुपसली होती, कारण नुसता ठोकळा मधेच कंबरेत मोडतो. कडा गोल केल्या होत्या, जाळं अडकू नये म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बुडत-वाचत कळलं होतं.

शाळेत पोरं तिला नावानं हाक मारत नसत. गावात कुणाच्याही घरी टीव्ही आला की त्याच्या खोक्यातला थर्माकोल तिच्या बाकावर आणून ठेवायचे. "घे गं, तुझ्या बापाला नवीन नाव आली." ती तो तुकडा दप्तरात घालायची आणि घरी जाताना ओढ्यात फेकायची. फेकलेला बुडायचा नाही, हीच पंचाईत.

सातवीत असताना अख्खा वर्ग सहलीला धरणाच्या काठी येणार होता. आदल्या दिवशी तिनं समाजमंदिर रंगवणाऱ्या माणसाकडून उरलेला निळा रंग मागून आणला. घट्ट होता म्हणून डबाभर थिनर ओतला, आणि बापाचा ठोकळा रंगवला. लांबून तरी नाव वाटावी म्हणून. सकाळी बघते तर ठोकळ्याला देवी आल्यासारखे खड्डे. कुठं बोटभर, कुठं वीतभर. रंगानं थर्माकोल खाऊन टाकला होता. सोनाजीचं जाळं पाण्यात लावलेलं, तिथवर जायला साधन नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याचा ठोकळा मिळेपर्यंत जाळ्यातले मासे जाळ्यातच सडले. सोनाजी तिला एका शब्दानं बोलला नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, उंदरांनी कुरतडला.

मग तिला पाहायला वैजनाथ आला. ओसरीत दोघांना बोलायला बसवलं तर त्याला काही सुचेना. शेवटी म्हणाला, "तुमच्या वडलांची नाव केवढी आहे?" त्याला नाव आहेच असं वाटत होतं. धरणावर मासे धरतो म्हणजे नाव असणारच, फाट्यावरच्या माणसाला दुसरं काय सुचेल. प्रियदर्शनी म्हणाली, "मोठी आहे. सागवानी."

सागवानी हा शब्द कुठून आला, तिचं तिलाच कळलं नाही. पण तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायला जे लागतं ते तेव्हा तिच्याकडं नव्हतं, आणि पुढं रोज थोडं थोडं कमीच होत गेलं. लग्न ठरल्यावर तिनं बापाला फक्त एवढंच सांगितलं, "आबा, त्यांनी विचारलं तर नाव हाय म्हणा."

सोनाजीनं जाळ्याची हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, "बरं, माय."

तेव्हापासून लेकीकडं येताना तो धुतलेलं धोतर नेसून यायचा, खुर्चीच्या काठावर बसायचा, आणि अमृतरावांनी "काय इवाई, नाव काय म्हणते?" असं विचारलं की, "चाललीय," म्हणून चहाच्या कपात बघायचा. वैजनाथला कितीदा नाव पाहायची होती. कधी ती दुरुस्तीला टाकलेली असायची, कधी धरणाचं पाणी उतरलेलं असायचं. तीन वर्षं झाली, ती सागवानी नाव काही काठाला लागली नाही.

वैजनाथनं समोरच्या फारुकभाईंच्या दुकानातून थर्माकोल आणला. फारुकभाईंचं दुकान रस्त्यापलीकडं बरोबर समोर. पत्रावळ्या, द्रोण, दोरी, पॅकिंगचं सामान, उन्हाळ्यात कूलरचं गवत. त्यांनी मुद्दाम कोल्ड स्टोरेजला लावतात तसला घट्ट दाण्याचा माल नांदेडहून मागवून दिला. वैजनाथनं तापलेल्या तारेनं तो कापला, मधे चिरून सागाची पट्टी बसवली, आणि पॉलिशपेपर घेऊन बसला. पांढरा भुसा बर्फासारखा अंगणभर उडायचा. बारकी तो धरायला मुठी उघडायची, आणि प्रियदर्शनी तिच्या मुठीतून एकेक दाणा काढून टाकायची. तोंडात घालेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"नाक एकदम वर गेलंय," ती म्हणाली. "असं न्हाई. निम्म्यापासून हळूहळू चढवा. एकदम चढवलं की पाणी पुढं ढकलत जाते, पुढं सरकतच न्हाई."

वैजनाथनं फळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुला काय म्हाईत?"

"यूट्यूबवर पाहिलं."

त्यानं तासून पाहिलं, आणि फळीला एकदम पाखराच्या मानेसारखी वळणाची रेघ आली. तो खूश झाला. अमृतरावांना हाक मारून म्हणाला, "बापू, पाहा. हिनं सांगितलं."

अमृतराव आले, फळीवरून हात फिरवला. "सूनबाईला थर्माकोलातलं बरंच कळते म्हणायचं. मला वाटलं, तुह्या बापाची सागवानी नाव, तुला लाकडातलं कळत असंल." ते हसत होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. "त्या धरणावर ते दुसरे लोक असतेत ना, थर्माकोलवर बसून फिरणारे. एकदा एसटीतून पाहिलं म्या. म्हटलं, हे माणसं हायेत का बगळे."

वैजनाथ हसला. प्रियदर्शनीही हसली. सासऱ्यांसोबत हसायला लागतं तेवढंच हसली, आणि बारकीला पाजायचं निमित्त करून आत गेली. बारकी पोट भरून झोपली तरी तिनं तिला खाली ठेवलं नाही.

रेझिन चढवायचा दिवस आला तेव्हा ती पुन्हा दारात होती. वैजनाथनं डबा उघडला आणि तो वास आला, नेहमीचाच, तीन वर्षं रोज नाकात जाणारा. पण थर्माकोलच्या शेजारी तो वास आला तेव्हा तिला सातवीतली सकाळ आठवली. समाजमंदिराच्या थिनरला असाच वास होता. अगदी असाच नसेल, पण त्याच भावकीतला.

"याच्यावर चालंल का हे?" तिनं विचारलं.

"पंधरा साल झाले हेच करून राहिलो," वैजनाथ रेझिन घट्ट करायचा हार्डनर मोजत म्हणाला. "आता तू शिकवशील काय?" रागानं नाही, लाडानंच म्हणाला.

एक वाक्य होतं. एका तुकड्यावर आधी टाकून पाहा. एवढंच. पण त्यानं "काहून?" विचारलं असतं, आणि यूट्यूबचं नाव तिनं एकदा वापरून झालं होतं. अमृतराव तिथंच खुर्चीवर बसले होते. प्रियदर्शनीनं मनाशी म्हटलं, थिनर वेगळं, रेझिन वेगळं. ते पंधरा वर्षं करतात. आणि मी विचारलं की. विचारलं होतं.

वैजनाथनं फायबरची मॅट अंथरली, वरून रेझिन ओतलं आणि ब्रश फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा बारीक आवाज येऊ लागला. मॅट मधे खोल गेली. वैजनाथनं ब्रश तिथं दाबला तर ब्रश आत गेला. बघता बघता फळीचं ते पाखराच्या मानेसारखं नाक आपल्याच अंगात बसत गेलं, आणि सागाची पट्टी मेलेल्या जनावराच्या बरगडीसारखी वर आली. वैजनाथ दोन्ही हातांनी मॅट ओढून काढायला गेला तर ती चिकट झालेली. हाताला गोंदासारखा पांढरा लगदा आला.

अमृतराव एवढंच म्हणाले, "विरघळलं की रे."

वैजनाथ तसाच भरल्या हातानं उभा राहिला. प्रियदर्शनीनं त्याचं तोंड पाहिलं. पंधरा वर्षांत ज्या कामानं त्याला नाव दिलं त्यानंच त्याला फसवलं होतं, आणि तेही बापासमोर, बायकोसमोर. तेव्हा तरी सांगायचं. पण तिनं आत जाऊन हात पुसायला चिंधी आणून दिली. बस.

माणसाला स्वतःची चूक सापडेना की तो दुसऱ्याच्या घरात शोधतो. वैजनाथ रस्ता ओलांडून गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, फाट्यावर गर्दी होती. तिला इकडं दारात ऐकू येत होतं.

"फारुकभाई, काय माल दिला तुमी? पंधरा वर्षांत असं कधी झालं न्हाई. ह्याच्यात भेसळ हाय."

"वैजनाथ, माल तर चांगला..."

"चांगला? चला दाखवतो. पाण्यावानी झाला चांगला माल. लोकाच्या जिवावर दुकान चालवायचं असंल तर चालवा, पण ओळखीच्या माणसाला तरी..."

चहाच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन वळली. फारुकभाई साठीचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बराबर हाय तुझं. तुझी तकलीफ झाली. मी पाहतो."

त्यांनी नुसतं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला उरलेला सगळा थर्माकोल टेम्पोत भरून नांदेडला परत पाठवला. गिऱ्हाइकांना हाका मारून सांगितलं, नेलेला माल परत आणा, खराब निघाला. प्रियदर्शनी अंगणात बारकीचे लंगोट वाळत घालत होती. टेम्पोवर पांढरे ठोकळे चढताना दिसत होते, आणि फारुकभाई स्वतः म्हाताऱ्या हातानं त्यांना दोरी बांधत होते. एक लंगोट तिनं तीनदा झटकला, तरी तारेवर टाकायचं तिला सुचेना.

पुढच्या दिवशी सोनाजी आला. बारकीला पाहायला, दुसरं काही काम नव्हतं. धुतलेलं धोतर, कागदात गुंडाळलेले दोन मासे. नातीला मांडीवर घेतलं, तिनं मिशा ओढल्या, त्यानं ओढू दिल्या. मग हात धुवायला मागं मोरीकडं गेला, आणि तिथं भिंतीला टेकून ठेवलेली ती फळी त्याला दिसली.

तो थांबला. एका खड्ड्यात त्यानं बोट घातलं, कडेनं फिरवलं. मग वळून लेकीकडं पाहिलं. प्रियदर्शनी हंड्यापाशी उभी होती. तिनं नजर खाली घेतली.

वैजनाथ त्याच्या मागोमाग आला होता. "पाहा ना, मामा. थर्माकोलच खराब निघाला. तुमी पाण्यावरची माणसं. कशानं होते असं, काही अंदाज?"

सोनाजीनं बोट धोतराला पुसलं. त्याला चांगलं ठाऊक होतं. असा ठोकळा कसा दिसतो, हे त्याच्याएवढं त्या अंगणात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं.

"मला काय ठाव, जावाईबापू," तो म्हणाला. "आपली लाकडाची नाव."

हे म्हणताना त्यानं लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे चुकूनही कुणाला काही कळू नये. इतकं नीट, इतकं सवयीनं बोलला तो. प्रियदर्शनीला वाटलं, आपण या माणसाला काय काय शिकवलं. आयुष्यात कुणाला चार माशांचे पाच म्हणून सांगितले नाहीत त्यानं, आणि आता ह्या वयात जावयासमोर उभं राहून, तोंड न चुकवता खोटं बोलायला शिकला, आपल्यामुळं.

"न्हाई," ती म्हणाली.

दोघंही वळले.

"आबाची नाव न्हाई. कधीच नव्हती. आबा थर्माकोलवर बसतेत." आवाज फाटत होता, पण थांबला असता तर पुन्हा आला नसता, म्हणून ती बोलत राहिली. "सातवीत म्या त्यांचा ठोकळा रंगवला व्हता, थिनर घालून. असाच झाला होता. रेझिननं तेच केलं. फारुकभाईचा माल चांगला होता."

अमृतराव कधी दारात येऊन उभे राहिले कुणाला कळलं नाही. बगळ्यांची गोष्ट त्यांना आठवली असावी. ते परत वळले आणि आत जाऊन बसले.

वैजनाथला नावेचं काही वाटलं नाही. ते तिला नंतर कळलं, आणि तेव्हा जास्तच वाईट वाटलं, कारण ज्यासाठी तीन वर्षं जीव मुठीत धरला ते त्यानं एका क्षणात बाजूला सारलं. त्यानं विचारलं ते वेगळंच.

"त्या दिवशी तू दारात उभी होती."

"व्हय."

"तुला म्हाईत होतं?"

"वाटलं होतं."

"अन् म्या टाकू लागलो तरी..." त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं. "फारुकभाईला काय काय बोललो मी, दर्शनी. सगळ्या फाट्यासमोर."

सोनाजी मधे आला. "जावाईबापू, लेकराची चूक न्हाई. मीच तिला म्हणलं व्हतं की..."

"आबा, नका," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी आणखी काही बोलू नका."

सोनाजी मात्र गेला नाही. जरा वेळानं त्यानं खाली पडलेले थर्माकोलचे दोन तुकडे उचलले आणि हळूच विचारलं, घरात पांढरा डिंक हाय का, सुताराचा. त्या रंगवलेल्या ठोकळ्यानंतर तो स्वतःच्या ठोकळ्याला काय करायचा ते त्यानं करून दाखवलं: एका तुकड्यावर डिंक फासला, त्यावर बारकीचं जुनं झबलं फाडून चिकटवलं, वरून पुन्हा डिंक. उन्हात ठेवलं. दुपारी वाळल्यावर वैजनाथनं दोन्ही तुकड्यांवर एकेक थेंब रेझिन टाकलं. उघडा तुकडा चर्र करून बसला. दुसऱ्यावर थेंब तसाच राहिला.

वैजनाथनं तिथंच बसून प्रज्ञेशला फोन लावला. इतके दिवस लाजेनं लावला नव्हता. तिकडून प्रज्ञेश म्हणाला, "अरे भाऊ, ते रेझिन थर्माकोलला चालतच न्हाई. त्याला दुसरं, इपॉक्सी रेझिन लागते. माझंच सांगायचं राहिलं." डिंकाचं सांगितलं तर म्हणाला, तेही चालेल पण फळी जड होईल, लाटेवर सुस्त जाईल, पुढच्या खेपेला इपॉक्सीच घ्या. हे सगळं दोन मिनिटांत झालं. एवढ्याच दोन मिनिटांसाठी तीन दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

"फारुकभाईकडं जाऊन येतो," वैजनाथ उठला.

"मी येते."

"तू कशाला? बोललो ते मी."

"अन् बोलले न्हाई ती मी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. चपला घालून रस्त्यापर्यंत गेला आणि तिथं थांबून राहिला, ती येईपर्यंत. सोनाजी बारकीला घेऊन मागं मागं आला. त्याला घरात अमृतरावांबरोबर एकट्यानं बसवेना.

दुकानात एक बाई पत्रावळ्या घेत होती, आणि दोन बाप्ये दोरीचा भाव करत होते. वैजनाथनं हात जोडले. "फारुकभाई, माझी चुकी झाली. तुमचा माल चांगला होता. रेझिनच चुकीचं होतं."

"म्हणजे भेसळ नव्हती?"

"नव्हती."

प्रियदर्शनी पुढं झाली. "चाचा, मला आधीच म्हाईत होतं. मी बोलले न्हाई. यांना बोलू दिलं तुम्हाला."

तिला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर मोठ्या मनानं जाऊ दे म्हणतील. फारुकभाईंनी दोन्ही केलं नाही. ते गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले आणि कपाळाला हात लावला.

"बेटा, मला काय, म्हातारा माणूस, ऐकून घेतलं," ते म्हणाले. "पण मी नांदेडच्या गोवर्धनशेटला काय काय बोललो. वीस सालचा व्यवहार. भेसळखोर म्हणालो त्याला, फोनवर. त्याची सून तिकडून ऐकत होती म्हणे. आता मी त्याला काय सांगू?"

वैजनाथ खाली बघत राहिला. दोरीवाले भाव करायचे थांबले होते.

"मी सांगते," प्रियदर्शनी म्हणाली.

फारुकभाईंनी तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला. "शेटजी, फारुक बोलतोय. ठेवू नका फोन. कोण बोलते ते ऐका फक्त." आणि मोबाईल तिच्या हातात दिला.

"शेटजी," ती म्हणाली, "तुमचा माल चांगला होता. आमच्याकडून रेझिन चुकलं. चाचांची काही चूक न्हाई."

"तुमी कोण?" तिकडून जाड आवाज आला.

"वारंगा फाट्याच्या वैजनाथ कूलरवाल्यांची बायको."

"बाई, तीस वर्षं झाले थर्माकोल विकून राहिलो मी. चांगला का वाईट हे तुला काय कळते?"

पत्रावळ्या घेणारी बाई तिच्याकडं बघत होती. बाहेर पायरीवर सोनाजी बारकीला खांद्यावर टाकून उभा होता, रस्त्याकडं तोंड करून, ऐकतच नाही असा. त्याची मान मात्र ताठ झाली होती.

"माझे वडील इसापूर धरणावर थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून मासे धरतेत," ती म्हणाली. एक एक शब्द वेगळा. "त्यांचं नाव सोनाजी. त्यांच्या ठोकळ्याचं असंच झालं होतं, माझ्या हातून. म्हणून कळते."

तिकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"मग आधी काहून सांगितलं न्हाई?"

"लाज वाटत होती."

"कशाची?" शेटजींनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

ती उत्तर शोधत राहिली. फोन हातात धरून, बापाच्या पाठीकडं बघत. फारुकभाईंनी मान वळवली आणि त्या बाईच्या पत्रावळ्या, जरा जास्तच सावकाश, दोरीनं बांधायला घेतल्या.